ओरखडा कोणाच्या अंगावर?

कोटी-दीड कोटीच्या मोटारीच्या दारावर कोणी किल्लीने रेघ ओढली, किंवा फाटकाच्या खांबाला बंपर घासला, की बंगल्यावर सुतक पडते. विमा कंपनीला दूरध्वनी जातात, ड्रायव्हरचा उद्धार होतो आणि गॅरेजच्या शेठला एकच ताकीद मिळते : रंग तंतोतंत मिळाला पाहिजे. रंग मिळतो. मोटार परत येते, मालक दारावरून हात फिरवतो आणि संतुष्ट होतो. हा रंग मिळवताना कोणाच्या फुप्फुसातून काय गेले, याचा आकडा बिलात नसतो. म्हणून तो येथे मांडणे भाग आहे.

मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे सगळे थर मिळून जाडी भरते सुमारे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या दीड-दोन केसांएवढी. सर्वांत वरचा पारदर्शक थर, ज्याला आपले पेंटर लॅकर म्हणतात, तोच त्या श्रीमंती झळाळीचा धनी. कारखान्यात रिकाम्या सांगाड्यावर यंत्रमानव रंग फवारतात आणि तो सांगाडा सुमारे १४० अंश उष्णतेच्या भट्टीत भाजून काढतात. गॅरेजमध्ये आलेल्या गाडीत गाद्या, तारा, प्लास्टिक सारे बसवलेले असते. तिला त्या भट्टीत घालता येत नाही. म्हणून उष्णतेचे काम रसायनाकडून करून घ्यावे लागते. लॅकरमध्ये हार्डनर मिसळतात, आणि हार्डनर म्हणजे आयसोसायनेट. पुन्हा ओरखडा नखाएवढा असला तरी जोड दिसू नये म्हणून लॅकर बहुधा सबंध दारावर मारावे लागते. श्रीमंताच्या डोळ्याला डाग खुपू नये म्हणून दहापट धुके उडते.

आयसोसायनेट हा शब्द या देशाला शिकवावा लागू नये. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळवर पसरला तो मिथाइल आयसोसायनेट वायू. हार्डनरमधील द्रव्य तेच नव्हे, आणि त्याने एका रात्रीत शहर मरत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण कूळ एकच. हे माणसाला सावकाश गाठते. फवाऱ्याचे सूक्ष्म धुके डोळ्यांना दिसत नाही, नाकाला त्याची खूण पटत नाही. महिने, कधी वर्षे काहीच होत नाही. मग एके दिवशी शरीर त्या द्रव्याचे वैरी बनते आणि त्यानंतर त्याचा अंश जरी श्वासात गेला तरी दमा उसळतो. पुष्कळदा खोकला आणि छातीतील घरघर कामावर नव्हे, तर संध्याकाळी वा रात्री घरी सुरू होते. सुट्टीवर गावी गेले की बरे वाटते. पेंटर म्हणतो, मुंबईची हवा बाधली. ब्रिटनच्या सरकारी सुरक्षा यंत्रणेने असे रंग फवारणाऱ्या कामगारांना दम्याचा धोका इतर कामगारांच्या सुमारे ८० पट असल्याचे सांगितले आहे. तेथे बंद खोली आणि नळीने बाहेरची शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा ही किमान अट समजतात. आपल्याकडे रस्त्याकडेच्या गॅरेजात तोंडाला रुमाल असतो. थोडा दयाळू शेठ असला तर साधा मास्क देतो, त्याने धूळ अडते, हे विष अडत नाही. हार्डनरच्या डब्यावर इशारा असतो खरा, बारीक इंग्रजीत.

कायदा काय करीत होता? भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी कायदा दुरुस्त झाला. आयसोसायनेटची विषबाधा त्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, सरकारला कळवणे सक्तीचे असलेल्या रोगांत नोंदलेली होती. परंतु १९४८ चा तो कायदा विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असतील तरच लागू होई. चार पोरे आणि एक कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजला तो दिसतच नसे. २०२० च्या संहितेने ही मर्यादा दहावरून वीसवर नेली. विषाने माणसे मोजून छातीत शिरावे अशी या राज्यकर्त्यांची अपेक्षा दिसते! लहान जागांनाही कायदा लावण्याचा अधिकार जुन्या कायद्याच्या कलम ८५ खाली राज्य सरकारांकडे होता. धोक्याच्या कामात एकच कामगार असला तरी अधिसूचना काढून तरतुदी लावण्याची सोय नव्या संहितेतही आहे. अडचण कायद्याची नाही. ज्याच्या दारावरचा ओरखडा पुसायचा आणि ज्याच्या सहीने अधिसूचना निघायची, ते दोघे एकाच क्लबात जेवतात.

त्या झळाळीबद्दल आणखी एक. मोत्यासारखा चमकणारा रंग चमकतो तो बहुधा अभ्रकाने. झारखंडमधील कोडरमा, गिरिडीह आणि बिहारमधील नवादा या पट्ट्यात टाकाऊ अभ्रक, तेथील बोलीत ढिबरा, मुले वेचत आली आहेत. २०१६ मध्ये रॉयटर्सच्या वार्ताहरांनी शोध घेतला तेव्हा अवघ्या दोन महिन्यांत अशा खाणींत सात मुले मेल्याचे उघडकीस आले. जगातील मोठ्या मोटार कंपन्यांना आपल्या रंगाचे मूळ तेव्हा कोठे आठवले.

यावर ठरलेले उत्तर येते : श्रीमंतांच्या गाड्या घासतात म्हणून तर गरिबाची चूल पेटते. आम्ही गाड्या रंगवू नका म्हणत नाही. ज्या गाडीच्या एका दाराला हजारो रुपये मोजले जातात, तिच्या बिलात शुद्ध हवेच्या मुखवट्याची आणि पेंटरच्या वार्षिक फुप्फुस-तपासणीची रक्कम मावत नाही, हे आम्हाला मान्य नाही. आणि जो कारखानदार हार्डनर विकून नफा घेतो, त्याने इशारा मराठीत व हिंदीत छापावा आणि मुखवट्याचा भार उचलावा, ही मागणी भीक नव्हे.

दोष आपल्याकडेही आहे. गिरण्यांच्या फाटकावर भाषणे देण्यात आपल्या दोन पिढ्या गेल्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील गॅरेजांच्या रांगेत किती कार्यकर्ते कधी थांबले? तेथे फाटक नाही, भोंगा नाही, युनियनचा फलक लावायला भिंतही नाही, म्हणून आपण पुढे चालू लागलो. प्रत्येक तालुका शाखेने या महिन्यात आपल्या गावातील पेंटरांची यादी करावी, आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारावेत : रात्री खोकला येतो का, आणि सुट्टीत गावी गेल्यावर तो थांबतो का.