पिन बसते, वीज येत नाही

घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राची जबाबदारी आपोआप माझ्यावर असते.

आमच्याकडे शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीचीच. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी अण्णांसाठी चार्जिंगची बॅटरी नेली. तिला टाईप-सी तोंड होते. माझ्या मोबाइलच्या वायरीला दोन्हीकडे तीच पिन. सोबतची आखूड वायर कोनाड्यात टाकून मी ऐटीत म्हणालो, "आता एकच वायर सगळ्याला चालते." पिन बसली, पण बॅटरी चार्ज झालीच नाही. अण्णा मोबाइलच्या उजेडात दारे धरायला गेले. सकाळी म्हणाले, "माझ्याच हातनं काहीतरी बिघडलं असंल."

ते वाक्य मनाला लागले. वसतिगृहात परतल्यावर विज्ञान शाखेतल्या मित्राने कोडे उलगडले. टाईप-सीचे मानक २०१४ साली ठरले. वीज घेणाऱ्या वस्तूत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर असावेत, असे त्यात सांगितले आहे. ही खूण पटल्याशिवाय टाईप-सी चार्जर वीज सोडत नाही. जुना, चपट्या तोंडाचा चार्जर मात्र काही न विचारता ५ व्होल्ट देतो. काही उत्पादक हे क्षुल्लक किमतीचे भाग गाळतात. मी घरी फोन केला, "कोनाड्यातली वायर जुन्या चार्जरला लावा." बॅटरी लगेच चार्ज होऊ लागली.

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना टाईप-सी सक्तीचे केले. आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही जानेवारी २०२३ मध्ये त्याचे मानक जाहीर केले. हे स्वागतार्हच आहे. परंतु नुसते तोंड सारखे करून काय साधणार? किराणा दुकानातल्या वजनावर सरकारी शिक्का लागतो. आकार किलोचा आणि भार नऊशे ग्रॅमचा, हे आपण खपवून घेत नाही. मग आकार टाईप-सीचा आणि आत नियमाला फाटा, हे का खपवून घ्यावे? स्वस्त वस्तूंचीही तपासणी झाली पाहिजे, कारण त्या गरिबाच्याच घरी जातात.

मित्रहो, वायर दहा-वीस रुपयांची असेल. पण नियम मोडतो शिकलेला कारखानदार आणि स्वतःला अडाणी समजतो शेतकरी, हा हिशेब मला मान्य नाही. पुढच्या सुट्टीत अण्णांना समोर बसवून सांगणार आहे, "चूक तुमच्या हाताची नव्हती."