भिंती सारख्या, मिल्कियत वेगळी

पुलगावात पूर्वी जागा घेणे म्हणजे प्लॉट घेणे असे. कापड गिरणी, जिनिंग आणि रेल्वे यांच्या आधाराने हे गाव वाढले. माणूस जमिनीचा तुकडा घ्यायचा, पुढे दुकान काढायचा, मागे घर बांधायचा. जमीनही त्याची आणि छप्परही त्याचे. आता फ्लॅट आले, रो-हाऊस आले, लेआउटमधील तयार घरे आली. मुलांच्या शिक्षणासाठी वर्धा-नागपूरला जागा घेणारे व्यापारीही आपल्यात आहेत. परंतु आपण काय विकत घेतो आहोत, हे ओळखण्याची सवय मात्र जुनीच राहिली आहे. आपण भिंती पाहतो, फरशी पाहतो, रस्ता किती फूट आहे ते पाहतो. खरेदीखत मात्र लिहिणाऱ्यावर सोपवून देतो. आमच्या मते नुकसानीची सुरुवात इथेच होते.

महाराष्ट्रात तयार घराची मिल्कियत साधारण तीन प्रकारची असते. पहिला प्रकार महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० याखालचा. इथे मालक घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशन, नोंदवून इमारत या कायद्याखाली आणतो. घेणारा आपल्या फ्लॅटचा पूर्ण मालक होतो. तो फ्लॅट विकता येतो, गहाण ठेवता येतो, वारसांकडे जातो. मात्र जमीन, जिना, गच्ची यांत त्याचा ठराविक टक्क्यांचा अविभक्त हिस्सा असतो. हा हिस्सा फ्लॅटपासून तोडता येत नाही आणि त्याची वाटणीही मागता येत नाही. सामाईक खर्च त्याच टक्क्यांनी भरायचा असतो.

दुसरा प्रकार सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, १९६० च्या सहकार कायद्याखालचा. इथे जमीन व इमारत संस्थेच्या नावावर होते आणि आपण भाग घेऊन सभासद होतो. मत एका सभासदाला एकच. बिल्डरने संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण करून दिले नसेल, तर जमीन कागदावर जुन्याच मालकाची राहते. त्यावर उपाय म्हणून २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली.

तिसरा प्रकार मंजूर लेआउटमधील घराचा. इथे प्लॉट नंबर आपला, चतुःसीमा आपली, जमीन आपली. लेआउटमधील रस्ते आणि मोकळी जागा सर्वांच्या वापराची असते. आपण घर पाडू शकतो, आणि परवानगी मिळाल्यास मजला चढवू शकतो किंवा पुढच्या भागात कारखाना-दुकान काढू शकतो. अपार्टमेंटमधला माणूस शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय हे करू शकत नाही.

गोंधळ होतो तो रो-हाऊसमध्ये. एका ओळीत दहा घरे, प्रत्येकाला स्वतंत्र दार आणि पुढे चार फूट अंगण. पाहणाऱ्याला वाटते की जमीन आपलीच. पण संपूर्ण भूखंड एकच ठेवून, त्यावर घोषणापत्र नोंदवून ही घरे विकली असतील, तर कायद्याच्या नजरेने ते अपार्टमेंटच आहे, मग घराला वरचा मजला असो वा नसो. उलट, तशीच दिसणारी दहा घरे दहा वेगळ्या प्लॉटवर असतील, तर तो लेआउटचा प्रकार झाला.

एक ढोबळ हिशेब मांडू. आकडे आम्ही समजण्यापुरते धरले आहेत. ६,००० चौरस फुटांच्या भूखंडावर दहा रो-हाऊस आहेत. प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा १० टक्के, म्हणजे कागदावर ६०० फूट. त्यातच रस्ता, नाली आणि सामाईक जागा आली. पलीकडच्या लेआउटमध्ये तसेच घर ९०० फुटांच्या स्वतंत्र प्लॉटवर आहे. जमिनीचा दर ८०० रुपये आणि बांधकाम दोन्हीकडे ८ लाखांचे धरले, तर पहिल्याची किंमत १२ लाख ८० हजार होते आणि दुसऱ्याची १५ लाख २० हजार. दलाल मात्र दोन्हींना रो-हाऊस म्हणतो आणि भाव १५ लाखच सांगतो. वीस वर्षांनी बांधकामाचा घसारा निघाला की टिकणारी किंमत जमिनीचीच असते. तेव्हा हा फरक अधिकच बोचतो.

म्हणूनच मूल्यांकन करणाऱ्याने फ्लॅटची तुलना फ्लॅटशी आणि प्लॉटवरच्या घराची तुलना तशाच घराशी केली पाहिजे. अमेरिकेत अनेक वर्षे गृहकर्जाच्या मूल्यांकनासाठी या दोन प्रकारांचे छापील नमुने वेगळे होते. सामाईक मिल्कियतीच्या नमुन्यात साऱ्या इमारतीची चौकशी असे: घरे किती, भाड्याने किती, देखभालीची वर्गणी किती. घर कसे दिसते यावर नमुना ठरत नसे, मिल्कियतीवर ठरत असे. आपल्याकडेही अहवालाच्या पहिल्या पानावर मिल्कियतीचा प्रकार स्पष्ट लिहिला जावा, असे आमचे म्हणणे आहे. धंद्याच्या कर्जासाठी घर तारण ठेवणाऱ्या कारागिराला त्याने मोठा आधार मिळेल.

वारशाचा प्रश्नही यात आहे. प्लॉट मोठा असेल आणि नियमात बसत असेल तर भावा-बहिणींत जागा वाटता येते. फ्लॅटच्या भिंती वाटता येत नाहीत, किंमतच वाटावी लागते. हिबा करणाऱ्यांनी तर विशेष जपावे. हनफी मताप्रमाणे, वाटणी होऊ शकणाऱ्या जायदादीतला अविभक्त हिस्सा, म्हणजे मुशा, वाटणीआधी हिबा केला तर तो सदोष ठरतो. वाटणी होऊ न शकणाऱ्या जायदादीला ही अडचण नाही. म्हणजे आपली जायदाद कोणत्या प्रकारची, हे इथेही आधी ठरवावे लागते. असा कागद वकिलाला आणि जाणत्या आलिमांना दाखवूनच करावा.

तेव्हा आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी बयाणा देण्यापूर्वी एवढे तरी पाहावे. खरेदीखतात प्लॉट नंबर व चतुःसीमा आहे, की अविभक्त हिस्सा असा शब्द आहे? सातबारा किंवा आखीव पत्रिका कोणाच्या नावावर आहे? घोषणापत्र नोंदले असेल तर आपला टक्का किती लिहिला आहे? जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरेही आठपेक्षा जास्त असतील, तर नव्या प्रकल्पाला २०१६ च्या रेरा कायद्याखाली नोंदणी लागते, आणि हे प्लॉटच्या प्रकल्पांनाही लागू आहे. ती नोंदणी आहे का? पुलगावच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट विचारावी: गावालगत लष्कराचे दारूगोळा भांडार आहे, तेव्हा घेत असलेली जमीन संरक्षण खात्याच्या बांधकाम निर्बंधात येते काय?

फ्लॅट वाईट आणि प्लॉट चांगला, असे आम्ही म्हणत नाही. ज्याला दुकानाजवळ सोयीचे घर हवे, देखभालीचा त्रास नको, त्याला फ्लॅट बरा. पण फ्लॅटला फ्लॅटचा भाव द्यावा आणि प्लॉटला प्लॉटचा. कापडाचा ताणा-बाणा पारखल्याशिवाय आपण मीटरचा भाव ठरवत नाही. उभ्या आयुष्याची कमाई घरात घालताना तीच पारख का सोडावी?