खुर्ची अधिष्ठात्यांची, किल्ल्या मंत्रालयात

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२३च्या आरंभी २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. संतापलेल्या एका सत्ताधारी खासदाराने तेथील प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना कॅमेऱ्यांसमोर स्वच्छतागृह साफ करायला लावले.

स्वच्छतागृह घाण होते, हे खरेच. पण चतुर्थ श्रेणीची रिक्त पदे शासनाच्या मंजुरीशिवाय भरण्याचा अधिकार अधिष्ठात्यांना आहे का? औषधांचेही तेच. २०१७पासून खरेदी हाफकिन महामंडळाकडे होती, मग २०२३मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. त्या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी असावा, हा मुद्दा मृत्यूंनंतर मुंबई उच्च न्यायालयात निघावा लागला. तोवर ‘बाहेरून आणा’ म्हणून चिठ्ठी लिहून देणारा डॉक्टर नातेवाइकांच्या शिव्या खात होता.

शिवाय ‘प्रभारी’ हा शब्द आपल्याकडे जवळजवळ कायमचा झाला आहे. उद्या बदली होईल या धास्तीत बसलेला माणूस मंत्रालयाला ठणकावून नकार देईल, ही अपेक्षाच भाबडी.

उलट उदाहरण मुंबईतच, परळला आहे. टाटा स्मारक रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली स्वायत्तपणे चालते आणि त्याची सूत्रे कर्करोगतज्ज्ञांकडे असतात. तेथील डॉक्टरांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने अनेक रुग्णालयांची मागणी एकत्र करून औषधे कितीतरी स्वस्तात मिळवली. कोणते औषध खरोखर लागते आणि कोणते उगाच यादीत बसले आहे, हे वॉर्डात हयात घालवलेल्यांना कळते.

अर्थात, पिकलेले केस म्हणजे प्रशासनाची पदवी नव्हे. उत्तम शल्यविशारद अंदाजपत्रक वाचताना चाचपडतो, आणि काही ज्येष्ठांना खुर्चीपेक्षा खासगी प्रॅक्टिस अधिक प्यारी असते, हेही सर्वांना ठाऊक आहे. म्हणून नेमणुकीआधी व्यवस्थापनाचे प्रशिक्षण सक्तीचे करावे आणि पदाला किमान तीन वर्षांची हमी द्यावी. स्थानिक खरेदी व कंत्राटी भरतीचे अधिकार अधिष्ठात्यांना द्यावेत, खरेदी प्राधिकरणावर सेवेतील ज्येष्ठ डॉक्टरांना मताधिकारासह बसवावे. एवढे दिल्यावर दर महिन्याचा मृत्यू-आढावा जाहीर करायला त्यांना भाग पाडावे, आणि त्यातील मृत्यूंचा आकडा वाढला तर जाब जरूर विचारावा. मात्र चौकशी समितीपुढे, हातात झाडू देऊन नव्हे.