वाचायचं कशासाठी?



गेल्या वर्षभरात मी काय काय वाचलं याची यादी परवा करून पाहिली. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा (कितव्यांदा, देव जाणे), कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतचा २०१३ चा कायदा, कोर्टाचे निकाल, शासन निर्णय, दोन-चार अहवाल. तुमच्यापैकी बऱ्याच जणींची यादी थोड्याफार फरकानं अशीच निघेल. समोर बाई रडत बसलेली असते तेव्हा कलम माहीत असावंच लागतं, त्यामुळे या वाचनाला मी मुळीच कमी लेखत नाही. पण हे सगळं केसच्या मागे धावणारं वाचन. हातात पेन्सिल, नजर उपयोगी ओळीवर.

मला खुपतं ते हे की आत्मकथनंसुद्धा चळवळीत अशीच वाचली जाऊ लागली आहेत. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ घ्या. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं. आज त्यातले उतारे भाषणांत येतात, शिबिरांत वाटले जातात. पण पुस्तक सबंध वाचलं की ते उताऱ्याइतकं सोयीचं राहत नाही. जातीनं केलेले हाल त्यात आहेत, तसा आपल्याच घरात सुनांचा झालेला छळही आहे. पायात घातलेला लाकडी खोडा आहे, कापलेली नाकं आहेत. शिकून पुढे गेलेल्यांना विचारलेला जाब आहे. आणि मोळी विकायला आलेल्या महार बाईला, काटक्यांना तुझा केस चिकटलाय का ते नीट बघ, असं बजावणारी सवर्ण घरातली बाईही आहे. ‘आपण साऱ्या बहिणी’ अशी घोषणा देणाऱ्या आपण, या पानावर काय करतो? उतारा निवडताना ते पान गाळता येतं. पुस्तक वाचताना येत नाही.

बेबीताईंचं स्वतःचं वाचन कसं झालं, तेही पाहण्यासारखं आहे. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. माल बांधायला आणलेली रद्दी त्या गल्ल्यावर बसून वाचत. पुढे लिहू लागल्या तेही नवऱ्यापासून लपवून. रमाबाई रानड्यांना न्यायमूर्ती स्वतः शिकवत होते, तरी घरातल्या बायकांची बोलणी चुकली नाहीत. वाचणारी बाई म्हणजे रिकामटेकडी, हा समज अजून पुरता गेलेला नाही. आपल्या कार्यकर्त्यांच्या घरांतही नाही.

म्हणून या वर्षासाठी मी थोडंच ठरवलंय. तीन महिन्यांत एक पुस्तक, अंकामागे एक म्हणा ना. ‘जिणं आमुचं’ पुन्हा, मग शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, ऊर्मिला पवार-मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’, आणि ताराबाई शिंदे यांची १८८२ ची ‘स्त्रीपुरुष तुलना’. पेन्सिल न घेता, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. रविवारी दुपारी दोन तास. त्या वेळात चहा घरातलं दुसरं कुणीतरी करेल, हे सांगून झालंय. (पहिल्या रविवारी साखर कुठे आहे हे विचारायला तिघं येऊन गेले.)

शिवाय महिन्यातून एकदा वस्तीतल्या बैठकीत मोठ्यानं वाचायचं. तिथल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नाही, पण वाचता वाचता त्या थांबवतात, ‘आमच्यात असं नव्हतं’ म्हणून भांडतात. कलमं समजावताना असं कुणी भांडत नाही.

तुमच्या गटात सबंध वाचलेलं पुस्तक कोणतं, आणि त्यातल्या कुठल्या पानावर वाद झाला, ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात दोन पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.