विश्लेषण : रशियाने कराचाय तलाव उपसण्याऐवजी बुजवला का?
उरल भागातील मायाक अणुप्रकल्पाने १९५१पासून किरणोत्सारी सांडपाणी कराचाय या छोट्या तलावात सोडले. १९६७च्या दुष्काळात काठ उघडे पडले आणि वाऱ्याने तिथली धूळ आसपासच्या गावांवर नेली. म्हणजे भीती पाण्यापेक्षा ते आटण्याची जास्त होती! उपसा केला असता तर तळाचा किरणोत्सारी गाळच उघडा पडला असता. म्हणून पोकळ काँक्रीटचे हजारो ठोकळे टाकले. गाळ त्या पोकळ्यांत अडकतो. वर दगड-माती. २०१५मध्ये तलाव पूर्ण झाकला गेला. धुळीचा प्रश्न मिटला. खालचे भूजल मात्र आधीच दूषित झाले आहे, त्यावर हा भराव उपाय नाही. स्ट्रॉन्शियम-९० निम्मे व्हायलाच सुमारे २९ वर्षे लागतात. तिथले भूजल पुढच्या कित्येक पिढ्यांना तपासत राहावे लागेल.