सायकल औषधासारखी घेऊ नका

मधुमेहाच्या रुग्णाला गोळ्या लिहून दिल्या की आमचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, 'आणि रोज अर्धा तास चाला.' रुग्णही ठरल्याप्रमाणे मान डोलावतो. पुढच्या फेरीला विचारलं, की पाऊस होता, लग्नसराई होती, गुडघा धरला होता. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत पंचवीसहून अधिक वर्षं हे ऐकल्यावर माझं मत असं झालं आहे, की व्यायाम सुटण्याचं मुख्य कारण आळस नसतं. ज्यात जीव रमत नाही, ते माणूस फार दिवस करत नाही, इतकंच. औषध म्हणून सुरू केलेला व्यायाम औषधासारखाच चुकवला जातो.

म्हणून हल्ली चाळिशी-पन्नाशीतल्या रुग्णांना मी विचारतो, 'लहानपणी सायकल चालवत होता का?' चेहराच बदलतो. तासाच्या भाड्याने आणलेली सायकल, मधल्या नळीखालून पाय घालून मारलेलं हाफ पायडल, न सांगता मागचा हात सोडून देणारा भाऊ, फुटलेले गुडघे. बाहेर रांग असते, तरी माणूस बोलत राहतो. चालण्याबद्दल इतक्या आनंदाने बोललेला रुग्ण मला आठवत नाही.

मी स्वतः चौपन्नाव्या वर्षी सायकल घेतली. साधी, बिनगिअरची, पुढे बास्केट असलेली. सांगलीहून हरिपूरला जाणारा रस्ता सपाट आहे आणि शेवटी कृष्णा-वारणेचा संगम आहे. पहिल्या दिवशी निम्म्या वाटेतच दम लागला. पण परतताना वारा पाठीशी होता, पायडल मारणं थांबवलं तरी सायकल आपली पळत होती, फ्रीव्हीलचा टकटक आवाज येत होता, आणि आपण उगाचच हसतोय हे माझ्या लक्षात आलं. चालताना हा वेग मिळत नाही आणि मोटारसायकलवर तो आपला वाटत नाही. स्वतःच्या पायांनी कमावलेल्या वेगाची मजा चौदाव्या वर्षी असते तीच चौपन्नाव्या वर्षीही असते. फक्त मधे चाळीस वर्षं आपण ती विसरलेलो असतो.

आता डॉक्टरकीचं बोलतो. मांडीचे आणि नितंबांचे स्नायू हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. ते कामाला लागले की रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता आत ओढून घेतात, आणि सायकल उभी केल्यानंतरही काही तास इन्सुलिनला चांगली दाद देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम हवा. ऑफिस तीन-साडेतीन किलोमीटरवर असेल, तर जायला पंधरा मिनिटं आणि यायला पंधरा. पाच दिवसांत १५० मिनिटं भरली, तीही व्यायामासाठी वेगळा वेळ न काढता.

ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये त्या साधारण पाच वर्षांच्या काळात मृत्यूचा धोका ४१ टक्के कमी दिसला. या आकड्याने मी हुरळून जात नाही. जे मुळात धडधाकट असतात तेच सायकल काढतात, हेही त्यात मिसळलेलं असू शकतं. पण दिशा स्पष्ट आहे.

सर्वाधिक प्रश्न येतो तो गुडघ्यांचा. सायकलवर शरीराचा बराचसा भार सीट उचलते, त्यामुळे ज्यांना चालताना गुडघे दुखतात त्यांनाही ती बहुधा झेपते. अट एकच, सीटची उंची. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकावेत म्हणून आपण सीट खाली ठेवतो. मग प्रत्येक पायडलला गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीच्या मागे कळ येते. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. चालवताना तळव्याचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक येतो. दुकानदाराकडे पाना असतो, पाच मिनिटांचं काम आहे. जांघेत बधिरता येत असेल तर सीटचं टोक किंचित खाली करा, मधूनमधून उभे राहून पायडल मारा. पुरुष हे लाजेने सांगत नाहीत, म्हणून मीच लिहून टाकतो.

सायकलने सगळं मिळतं असं मात्र नाही. हाडांवर भार पडत नसल्याने हाडं बळकट व्हायला तिचा उपयोग कमी. पाळी गेलेल्या स्त्रियांनी सोबत चालणं, जिने चढणं, थोडी वजनं उचलणं चालू ठेवावं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्यांनी खिशात ग्लुकोज ठेवावं. शेंगदाण्याची चिक्की नव्हे, तिच्यातल्या तेलामुळे साखर सावकाश चढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंद राहते, तेव्हा घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम पुरे. छातीवर दडपण आलं, जबडा किंवा हात भरून आला तर तिथेच थांबा, लगेच मदत मागा. हेल्मेट हवंच. आणि आमच्याकडे उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटेही रस्त्यावर असतात, तेव्हा मागचा लाल दिवा विसरू नका.

खरा अडसर मात्र शरीराचा नसतो. एका किराणा दुकानदाराला सायकल सुचवली तेव्हा ते म्हणाले, 'डॉक्टर, लोक म्हणतील धंदा बुडाला, गाडी विकली.' ते खोटं बोलत नव्हते. ज्या घरांत सायकलवरून दूध घालून, पेपर टाकून मुलं शिकली, त्या घरांत मोटारसायकल येणं म्हणजे हलाखी सरणं होतं. आता उलट दिशेने सायकल शहाणी म्हणून परत येतेय, पण घट्ट कपडे आणि लाखाची सायकल घेऊन. ती ज्यांना परवडते त्यांनी खुशाल घ्यावी. माझ्या रुग्णांना मी सांगतो, साधीच घ्या, आणि तिच्यावरून भाजी आणा. बास्केटमध्ये मेथीची जुडी दिसली की धंदा बुडाल्याची शंका कुणी घेत नाही.

बायकांचं आणखी वेगळं. मानव विकास कार्यक्रमातून गावागावांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, रस्त्यावर त्यांचे थवे दिसतात, फार बरं वाटतं. पण लग्नानंतर यातल्या किती जणी सायकलवर दिसतील? आमच्या वॉर्डातल्या एका सिस्टरांची सायकल अशीच सुटली होती, बावीस वर्षं. साखर वाढल्यावर त्यांनी मुलाची पडून असलेली सायकल काढली. आधी पहाटे, कुणी उठायच्या आत, गल्लीतल्या गल्लीत. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत, तेव्हा त्या मुख्य रस्त्यावर आल्या. आता सकाळच्या ड्यूटीला सायकलनेच येतात, युनिफॉर्म पिशवीत. साखर थोडी उतरली आहे, गोळी तीच आहे. परवा राउंड संपल्यावर त्यांनी रिपोर्टबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, 'सर, सीट अजून एक इंच वर घेतली तर चालेल ना?'