तातडी कसली होती, ते लिहून दाखवा

"वॉरंट कुठाय?" हा प्रश्न आपल्याला सिनेमानं शिकवला. इन्स्पेक्टर दारात उभा, शेठ झोपाळ्यावर, शेठ विचारतो वॉरंट आणलंय का, आणि इन्स्पेक्टर दात-ओठ खात परत फिरतो. प्रत्यक्षात एकदा विचारून बघा. साहेब हसतील. आणि खरं सांगायचं तर कायद्यानंच त्यांना हसायला जागा ठेवलीय. घराची झडती घ्यायला पोलिसांना दर वेळी वॉरंट लागतंच असं नाही.

म्हणून मंडळी, हा प्रश्न आधी सोडून द्या. विचारायचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो आपल्याला ना शाळेत कुणी शिकवला ना सिनेमात : "साहेब, तातडी काय आहे, आणि ती कुठं लिहिलीय?"

१ जुलै २०२४ ला सीआरपीसी गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुनं कलम १६५ होतं ते आता १८५ झालं. ते काय म्हणतं ते साध्या मराठीत सांगतो. एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू आहे. त्या तपासाला लागणारी वस्तू अमुक घरात आहे असं मानायला पोलीस अधिकाऱ्याकडे सबळ कारण आहे. आणि कोर्टातून वॉरंट आणत बसलं तर अवाजवी उशीर होईल असं त्याचं मत आहे. तर तो वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. पण कधी? ही कारणं केस डायरीत लेखी नोंदवल्यानंतर. काय शोधायला चाललोय तेही शक्य तेवढं लिहायचं. आधी लिहायचं, मग उंबरा ओलांडायचा. नव्या संहितेनं आणखी दोन गोष्टी घातल्या : झडतीचं चित्रीकरण करायचं, मोबाईलवर केलं तरी चालेल, आणि त्या नोंदींची प्रत जास्तीत जास्त ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची. पूर्वी नुसतं "ताबडतोब" म्हटलेलं होतं, आणि सरकारी "ताबडतोब" म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको.

माणूस पकडायचा असेल तर कलम ४४. आरोपी घरात आहे असं वाटलं तर घरमालकानं पोलिसांना आत येऊ द्यायचं. नाही दिलं, आणि वॉरंट आणेपर्यंत तो पळून जाईल अशी स्थिती असेल, तर दार तोडायचीही मुभा आहे. पण आधी आपण कोण, कशासाठी आलो हे सांगून दार उघडायची मागणी करायची. लाथ नंतर.

आता सांगा, यात पोलिसांच्या हातात काय कमी आहे? काहीच नाही. उलट कायद्यानं पोलिसांवर भरपूर विश्वास टाकलाय. बदल्यात मागितल्यात फक्त चार ओळी.

त्या चार ओळी लिहिल्या जात नाहीत, माझं भांडण इथं आहे.

रात्रीचं "ऑल आउट" किंवा कोम्बिंग होतं, तेव्हा गाड्या कुठं वळतात बघा. टॉवरच्या गेटवर वॉचमन रजिस्टर पुढं करतो, इंटरकॉमवरून वर फोन जातो, आणि तोपर्यंत साहेब खुर्चीत बसून चहा घेतात. वस्तीत तसं नसतं. तिथं दाराला कडीच धड नसते. पारध्याच्या पालाला तर दारच नाही. चोरी गावात झाली की पहिली झडती पालावर, हा रिवाज इतका जुना झालाय की त्याला कुणी झडतीसुद्धा म्हणत नाही, "जरा बघून येतो" म्हणतात. भांडी उपडी, धान्य मातीत, बाया-पोरं बाहेर उभी. केस डायरीत एक ओळ नाही, पंच नाहीत, यादी नाही. काही सापडलं नाही तर झडती झालीच नव्हती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला म्हणतात. कागदावरून झाला असेल.

गंमत बघा, आपल्याच महाराष्ट्र पोलीस अधिनियमात, १९५१ च्या, कलम १४७ आहे. कायदेशीर अधिकार किंवा वाजवी कारण नसताना पोलिसानं इमारतीत, जहाजात, तंबूत घुसणं किंवा झडती घेणं हा गुन्हा आहे. तंबू हा शब्द तिथं आहे. म्हणजे कायदा करणाऱ्याला पाल दिसलं होतं. ठाण्यात ते कुणाला दिसत नाही.

आणि हा वाद आजचा नाही. खडक सिंग प्रकरण वकील मंडळींना पाठ असतं. उत्तर प्रदेशातला माणूस, दरोड्याच्या गुन्ह्यात पकडला, पुरावा नाही म्हणून सोडला, तरी पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट उघडली. मग रात्री-बेरात्री दार ठोठवायचं, उठवायचं, घरात आहे का बघायचं. डिसेंबर १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सहा न्यायाधीशांनी सांगितलं की रात्रीच्या या घरभेटी घटनाबाह्य आहेत. त्याच निकालात बहुमतानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाही असंही म्हटलं होतं. ते २०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी पुसून टाकलं. आणि जून २०२५ मध्ये केरळ हायकोर्टाला पुन्हा तेच सांगावं लागलं, की पाळत ठेवायच्या नावाखाली रात्री संशयिताचं दार ठोठावता येत नाही. बासष्ट वर्षं झाली, प्रश्न तोच आणि दारही तेच.

तातडी म्हणजे काय, हे आमच्या मुंबईनं २०१५ च्या ऑगस्टमध्ये बघितलं. मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर, लॉजवर धाडी. बंद खोलीतल्या सज्ञान जोडप्यांना बाहेर काढून ठाण्यात नेलं आणि "सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन" लावलं. बंद खोली सार्वजनिक कशी झाली हे कोडं अजून सुटलेलं नाही. तिथं कुणाचा जीव चालला होता? कुठला पुरावा नष्ट होत होता?

बरं, आता उलटी बाजू. खरं तर ही पोस्ट मी तिच्यासाठीच लिहायला घेतली.

रात्री दीड वाजता शेजारच्या घरातून बाईच्या किंकाळ्या येतात. तुम्ही ११२ लावता. गाडी येते, वेळेत येते, हे मान्य करायला हवं. दोन अंमलदार दाराची बेल वाजवतात. आतून पुरुषाचा आवाज : "काही नाही साहेब, घरगुती आहे." दार उघडत नाही. किंकाळ्या थांबलेल्या असतात, आणि त्या का थांबल्या हे बाहेर कुणालाच कळत नाही. अंमलदार एकमेकांकडं बघतात. कंट्रोलला कळवतात, "पार्टी दार उघडत नाही, आवाज शांत आहे." आणि गाडी जाते. ज्या पोलिसाला दुपारी पालात शिरताना कायदा आठवला नाही, त्याला इथं बंद दारापुढं अचानक नागरिकाचा खाजगीपणा आठवतो. जिथं वेळ होता तिथं तातडी दाखवली, आणि जिथं मिनिटा-मिनिटाला किंमत आहे तिथं "उद्या ठाण्यात या, तक्रार द्या".

पण या अंमलदारांना नुसतं झोडपून भागणार नाही. त्यांच्या बाजूनं बघा. दार तोडलं आणि आत खरंच काही नसलं तर? घरमालक दुसऱ्या दिवशी नगरसेवकाला घेऊन ठाण्यात. नुकसानभरपाई कोण देणार? चौकशी कुणाची लागणार? साहेबाची नाही, हवालदाराची. आणि त्याला हातात धरायला कलम कुठलं? नागरिक सुरक्षा संहितेत वस्तू शोधायला घुसायचं कलम आहे, माणूस पकडायला घुसायचं कलम आहे. जीव वाचवायला घुसायचं स्वतंत्र, सरळ कलम नाही. दखलपात्र गुन्हा रोखायला पोलिसानं मध्ये पडावं असं कलम १६८ म्हणतं, त्यातून वाट काढता येते. मारहाण करणाऱ्याला अटक करायचीय म्हणून कलम ४४ वापरता येतं. हे वकिलाला टेबलावर बसून सुचतं. रात्री दीड वाजता जिन्यात उभ्या असलेल्या अंमलदाराला नाही. कुणाला बेकायदा कोंडून ठेवलं असेल तर कलम १०० सांगतं की मॅजिस्ट्रेटनं झडतीचं वॉरंट काढावं. रात्री दीड वाजता! २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा पोलिसाला सांगतो की पीडित बाईला तिचे हक्क समजावून सांग. कडी आतून लावलीय, समजावणार काय, लेटरबॉक्समधून? आणि एकटे राहणारे म्हातारे आई-वडील, मुलं अमेरिकेत, दोन दिवस दूध-पेपर दारातच पडून आहे, तिथं तर गुन्हाही नाही. तिथं पोलीस सोसायटीच्या सेक्रेटरीची सही घेऊन, चावीवाला बोलावून, कसंबसं उघडतात. चांगले अधिकारी करतात हे. पण स्वतःच्या जबाबदारीवर करतात.

इंग्लंडनं हे १९८४ मध्येच सोडवून टाकलं. त्यांच्या पोलीस व गुन्हेगारी पुरावा कायद्याच्या कलम १७ मध्ये साफ लिहिलंय की जीव किंवा शरीर वाचवण्यासाठी, किंवा मालमत्तेचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी पोलीस वॉरंटशिवाय घरात शिरू शकतात. आणि लगेच पुढं लगाम : ज्या कारणासाठी शिरलात तेवढ्यापुरतीच झडती. म्हणजे बाईला वाचवायला आत आलात तर कपाटातल्या फायली उघडायच्या नाहीत. १८९८ ची संहिता ज्यांनी आपल्याला दिली त्यांनी स्वतःचं घर नीट केलं. आपण २०२३ मध्ये नवी संहिता केली, नावं बदलली, कलमांचे आकडे बदलले, आणि हे एक वाक्य घालायचं राहून गेलं.

आता येतो तो नेहमीचा युक्तिवाद. "तुम्ही एसीत बसून लिहिता, आम्ही कागद लिहीत बसलो तर माल गायब होतो." एक तर माझ्याकडं एसी नाही. दुसरं, गांजा-चरसच्या केसेस बघा. एनडीपीएस कायद्याच्या कलम ४२ मध्येही कारणं लिहायची सक्ती आहे, आणि ७२ तासांत वरिष्ठाला प्रत द्यायची आहे. तिथं माल गायब होण्याची भीती सगळ्यात जास्त. तरी तिथं कागद होतो. का? कारण २००९ मध्ये कर्नेल सिंग प्रकरणात घटनापीठानं सांगितलं की उशीर झाला तर कारण द्या, ऐकून घेऊ. पण या कलमाचं अजिबातच पालन केलं नाही तर चालणार नाही. केस सुटते म्हटल्यावर पेन आपोआप सापडतं.

साध्या झडतीत मात्र हा धाक नाही. १९७३ च्या पूरणमल निकालापासून आपल्याकडं झडती बेकायदा असली तरी सापडलेला पुरावा सहसा बाद होत नाही. चुकीच्या वाटेनं गेलात तरी माल तुमचाच. मग कोण कशाला लिहील? माझं मत स्पष्ट आहे : कलम १८५ ची कारणं आधी लिहिलीच नसतील तर तो पुरावा बाद व्हायला हवा, निदान घराच्या बाबतीत तरी. यानं काही गुन्हेगार सुटतील? सुरुवातीला सुटतील. सहा महिन्यांत सगळी ठाणी लिहायला लागतील, एनडीपीएसमध्ये लागली तशीच.

आणि हे लिखाण म्हणजे नुसती औपचारिकता आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी १९५९ चा राजस्थान राज्य विरुद्ध रहमान हा निकाल वाचावा. अबकारी खात्याचा अधिकारी तंबाखूसाठी झडती घ्यायला गेला, कारणं नोंदवली नव्हती, रहमाननं अडवलं. सरकारी कामात अडथळ्याचा खटला झाला. आपल्याकडं ज्याला अजून "तीनशे त्रेपन्न" म्हणतात आणि जे आता १३२ झालंय, तेच कलम. सुप्रीम कोर्टानं म्हटलं की कारणं नोंदवणं हा महत्त्वाचा टप्पा आहे, तो वगळलेली झडती कायदेशीर नाही, आणि माणूस सुटला.

हे वाचून कुणी दारात हात आडवा घालून उभं राहू नका. रहमानचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तोपर्यंत किती वर्षं गेली असतील विचार करा. अडवायचं नाही. बघायचं, लक्षात ठेवायचं आणि मागायचं.

झडतीच्या वेळी घरात हजर राहायचा तुम्हाला हक्क आहे, कलम १०३. परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच हवेत. "आमचे पंच आणलेत" म्हणून चौकीबाहेरचा टपरीवाला उभा केला तर त्याचं नाव लिहून ठेवा, तो आणखी दहा पंचनाम्यांत सापडेल. जप्तीच्या यादीची प्रत तिथंच घ्यायची. काही सापडलं नाही तरी "निरंक" अशी लेखी यादी मागायची. चित्रीकरण कोण करतंय ते विचारायचं.

आणि दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेट कोर्टात साध्या कागदावर अर्ज : "अमुक तारखेला अमुक वाजता अमुक ठाण्याच्या अधिकाऱ्यांनी माझ्या घराची झडती घेतली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ खाली झडतीपूर्वी नोंदवलेल्या कारणांची प्रत मला विनामूल्य मिळावी." घरमालकाला किंवा तिथं राहणाऱ्याला ही प्रत फुकट द्यायची असं त्याच कलमात आहे. भाडेकरूलाही. पालात राहणाऱ्यालाही. प्रत मिळाली तर वेळ बघा, झडतीच्या आधीची आहे का नंतरची. नोंदच आलेली नसेल तर तसं लेखी मागा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज आपण लिहून देऊ. रविवारी सकाळी दहा ते बारा, नेहमीच्या ठिकाणी, येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणि झडतीची तारीख-वेळ आणा.